संग्रहातले हातचे न सोडण्याजोगे नाणे कोणते आणि मनात घर करून बसलेले, न मिळालेले नाणे कोणते?

पर्वतीपायथा :

नमस्कार मंडळी. नाणी जमवण्याचा छंद लागला की पहिली काही वर्षे जे मिळेल ते घरात येत राहते, तसे माझ्याकडेही आले आहे. त्यात परदेशी नाणी आहेत, स्मारक नाणी आहेत आणि कोणी तरी कौतुकाने दिलेली, ओळख न पटलेली तांब्याची नाणीही आहेत. आता या पसाऱ्याला मर्यादा घालावी असे ठरवले आहे. पुणे आणि आसपासचा मुलूख, म्हणजे जुन्नर, चाकण, चिंचवड आणि लांबवर धरले तर नाशिक व सातारा, या भागातल्या बाजारात कधी ना कधी प्रत्यक्ष चाललेली नाणी तेवढीच ठेवायची. मग ती प्राचीन शक क्षत्रप राजांची असोत, छत्रपतींची असोत, कंपनी सरकारची असोत की नव्या पैशांची. बाकीची हळूहळू देऊन टाकणार आहे.

ही मर्यादा पाळणाऱ्या किंवा तिच्या जवळपास राहणाऱ्या जाणकारांना दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. आपल्या संग्रहातले कोणते एक नाणे आपण काही झाले तरी हातचे सोडणार नाही? आणि कोणते एक नाणे मिळावे असे आपल्याला वर्षानुवर्षे वाटत आले आहे? किंमत सांगितली नाही तरी चालेल. कारण मात्र सांगावे, कारण त्यावरूनच मला माझ्या संग्रहाची दिशा ठरवता येईल.

सुरुवात मीच करतो. माझे आवडते नाणे म्हणजे पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया. या रुपयावर मजकूर फारसीत आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे, टांकसाळीचे नाव मुहियाबाद पुणे, राज्य मात्र पेशव्यांचे. आणि या सगळ्यापेक्षा सराफाच्या नजरेला महत्त्वाचे काय, तर कोपऱ्यातला छोटासा अंकुश. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगवेगळा तुकडा उमटतो, आणि अंकुश पूर्ण उमटलेला रुपया पाहावा तेव्हा मन प्रसन्न होते. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारनेही पुण्यात काही वर्षे असेच रुपये पाडले आणि त्यांवर फसली, म्हणजे महसुली, सन घातला. ज्यांना पदच्युत केले त्यांचेच चिन्ह वापरत राहण्याची पाळी नव्या राज्यकर्त्यांवर का आली, हे समजायला मला पुस्तकांपेक्षा हे नाणे जास्त उपयोगी पडले: लोकांचा विश्वास अंकुशावर होता, आणि विश्वास काही जाहीरनाम्याने बदलत नाही.

न मिळालेले नाणे म्हणाल तर अर्थातच शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन. ते माझ्या घरात कधी येणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

शनिवारपेठी :

प्रश्न चांगला आहे आणि घातलेली मर्यादा त्याहून चांगली आहे. मर्यादा नसलेला संग्रह म्हणजे नुसता साठा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा विषय शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती टिंबांची कड, एवढेच या तांब्याच्या नाण्यावर असते. चित्र नाही, सन नाही, टांकसाळीचे नाव नाही. तरीही या नाण्याचे जितके प्रकार पाहावेत तितके कमी, कारण अक्षरे कोरणारा कारागीर बदलला की ‘शिव’चा ‘शीव’ होतो, कोठे ‘सिव’ होतो, ‘पति’ची वेलांटी बदलते, आणि ‘श्री’चे वळण तर प्रत्येक ठशात निराळे असते. माझ्याकडच्या शिवरायांमध्ये मला सर्वांत प्रिय असलेली शिवराई दिसायला अगदी सामान्य आहे. तिची कड झिजून गेली आहे, पण ‘राजा’ हा शब्द पूर्ण आणि ठसठशीत आहे. फारसी मजकुराची नाणी चोहीकडे चालत असताना, १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक करवून घेणाऱ्या राजाने नागरी लिपीत आपले नाव आणि आपले पद लिहून नाणे काढावे, यातला निर्धार त्या एका शब्दात मला दिसतो.

राज्याभिषेकाच्या वेळचीच आणखी एक गोष्ट नाणी जमवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. त्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता आणि त्याने मांडलेल्या कलमांत मुंबईच्या इंग्रजी नाण्यांना महाराजांच्या मुलखात चलन मिळावे, असेही एक कलम होते. इतर बहुतेक कलमे मान्य झाली. या कलमाला मात्र महाराजांनी, नाणे वजनाने आणि कसाने चांगले असेल तर प्रजा ते आपण होऊन घेईल, ते घ्यायला तिला भाग पाडता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. आपण अंकुशाबद्दल जे लिहिले आहे तेच हे, फक्त सुमारे दीडशे वर्षे आधीचे.

आता थोडी सावधगिरीची सूचना. बाजारात आज जी शिवराई मिळते तिच्यातली फार मोठी संख्या पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातली आहे. हे नाणे महाराजांच्या नंतरही दीडशे वर्षांहून अधिक काळ त्यांच्याच नावाने पाडले जात राहिले आणि इंग्रजी अमलातही बरीच वर्षे लोकांच्या हाती फिरत होते. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई तर उघडच उत्तरकालीन. विक्रेता मात्र प्रत्येक शिवराई ‘महाराजांच्या हातची’ म्हणून पुढे करतो. कोणती शिवराई खरोखर १६७४ ते १६८० या काळातली, हे अक्षरांचे वळण, वजन आणि ठशाची ठेवण यांवरून अभ्यासकही जपूनच सांगतात. तेव्हा नवशिक्याने पाच-सहा वेगवेगळ्या ठशांच्या स्वच्छ दुदांडी घ्याव्यात, त्यांवर डोळा तयार करावा आणि मगच जुन्या शिवराईकडे वळावे.

माझ्या स्वप्नातले नाणे होन नाही. मला संभाजी महाराजांचे ‘श्री राजा शंभु’ असे अक्षर असलेले तांब्याचे नाणे हवे आहे. होन सोन्याचा आहे म्हणून तो वितळवला न जाता राहिला तर नवल. पण तांब्याचे साधे नाणे इतके दुर्मीळ व्हावे, यामागे त्या नऊ वर्षांची सततची धावपळ आणि लढाया दिसतात. एकदा एका प्रदर्शनात काचेआड पाहिले आहे. ‘शंभु’मधला ‘भु’ नीट वाचता येत होता. त्याहून अधिक काही मागणे नाही.

जुन्नरकर :

शनिवारपेठी यांनी तीनशे-साडेतीनशे वर्षांचा हिशेब मांडला; मी आपल्याला अठराशे-एकोणीसशे वर्षे मागे नेतो, कारण पर्वतीपायथा यांनी जुन्नरचे नाव घेतले आहे आणि क्षत्रपांशिवाय जुन्नरचा बाजार पूर्ण होत नाही. मानमोडीच्या लेण्यांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा शिलालेख आहे. त्याच नहपानाचे चांदीचे नाणे म्हणजे माझ्या संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू. परंतु ते नुसते नहपानाचे नाणे नव्हे, तर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेले नाणे आहे.

ज्यांना ही कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलथेंबी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती. सगळी नहपानाची, मात्र त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवला होता. नहपानाच्या मूळ नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत ‘राञो क्षहरातस नहपानस’ असा मजकूर असतो. गौतमीपुत्राने त्यावर एका बाजूला चैत्य, म्हणजे कमानींची टेकडी, आणि दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचे उज्जयिनी चिन्ह ठोकले. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीच्या लेखात आपल्या मुलाचे वर्णन ‘खखरातवंस निरवसेस करस’, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा, असे केले आहे. लेखात राजमाता जे सांगते तेच चांदीच्या चकतीवर हातोडीने लिहिलेले आहे.

माझ्याकडच्या नाण्यात दुसऱ्या ठशाचा जोर किंचित कमी पडला आहे, त्यामुळे उज्जयिनी चिन्हाच्या वर्तुळातून नहपानाचे नाक आणि डोळा अजून डोकावतात. पूर्ण ठसा उमटलेली नाणी यापेक्षा देखणी असतात आणि लिलावात त्यांना भावही जास्त येतो. मला मात्र हेच हवे होते, कारण जिंकणारा आणि हरणारा दोघेही एकाच वेळी दिसतात. जिंकलेल्या राजाने हजारो नाणी वितळवून नव्याने पाडली नाहीत, तर त्यांवर आपली खूण करून ती तशीच चालू दिली, यात घाईही आहे आणि व्यवहारही आहे. चांदी चांगली होती, वजन लोकांच्या ओळखीचे होते. बदलायचा होता तो फक्त धनी.

माझ्या स्वप्नातले नाणे गौतमीपुत्राच्याच सातवाहन घराण्याचे आहे: वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे राजाचा चेहरा असलेले चांदीचे नाणे. सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची (तांब्याच्या मिश्रधातूची) हत्ती-उज्जयिनी छापाची नाणी मुबलक मिळतात, पण चेहऱ्याची चांदीची नाणी थोडी. शिवाय त्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडची द्राविडी वळणाची भाषा अशा दोन भाषांत राजाचे नाव असते. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, राजाला गोदावरीच्या पलीकडच्या आपल्या प्रजेची भाषाही नाण्यावर घालावीशी वाटली, हे आजच्या वाचकालाही विचार करायला लावणारे आहे.

एक महत्त्वाचे राहिले. इतके जुने नाणे घेताना पावती आणि नाणे कोठून आले याचा कागद हवाच. शेतात नांगरताना किंवा घराचा पाया खणताना सापडलेला ठेवा १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो; दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची कोणतीही पुरलेली वस्तू त्यात येते. ‘आमच्या गावाकडे हंडा सापडला’ म्हणून कोणी नाणी दाखवायला आला तर ती खोटी असण्याची शक्यता मोठी, आणि खरी असली तर ती घेणे त्याहून धोक्याचे. शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ठरवून दिले आहे. परदेशातल्या नातेवाइकांना जुना रुपया भेट देण्याची हौस असणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे.

खडकीवाला :

वरच्या दोघांची नाणी माझ्या आवाक्याबाहेरची आहेत आणि खरे सांगायचे तर माझी आवडही निराळी आहे. पुण्यात छावणी वसली, खडकी आणि कॅम्पात पगार वाटले जाऊ लागले, तेव्हापासून इथल्या बाजारात जो रुपया खणखणला तो कंपनीचा आणि पुढे राणीचा. १८३५ च्या कायद्याने सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया आला, १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे आपल्या एका तोळ्याचा. अंकुशी, चांदवडी आणि अशा कित्येक रुपयांमधला बट्टा, म्हणजे मोलातला फरक, मोजणाऱ्या सराफांचा एक धंदाच त्यामुळे हळूहळू बसला.

माझे आवडते नाणे आहे १८६२ चा राणीछाप रुपया. अनेकांना हे ऐकून हसू येईल, कारण हा रुपया कोणत्याही सराफाकडे चांदीच्या भावाच्या थोड्या वर मिळतो. गंमत अशी की १८६२ पासून १८७४ पर्यंत रुपयावरचा सन बदललाच नाही. प्रत्येक वर्षी पाडलेल्या रुपयावर १८६२ च छापले गेले. परंतु मुंबईच्या टांकसाळीने सनाच्या वर-खाली बारीक टिंबे घालून, नाणे प्रत्यक्षात कोणत्या वर्षी पाडले ते कळेल अशी सोय केली. त्यामुळे एकच सन असलेल्या रुपयांचा पूर्ण संच भिंग घेऊन, टिंबे मोजून जमवावा लागतो. माझा संच पुरा झालेला नाही. ज्याच्याजवळ पैसे बेताचे पण सवड आणि चांगली नजर आहे त्याच्यासाठी याहून उत्तम अभ्यास नाही, असे मी पर्वतीपायथा यांना आग्रहाने सांगेन.

त्याच पेटीत १९११ चा पंचम जॉर्जचा रुपयाही आहे. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती होता, पण तो इतका आखूड सोंडेचा आणि ठेंगणा कोरला गेला की लोकांना तो डुकरासारखा दिसला. त्यावरून असंतोष झाला, वाटपात गेलेले सुमारे सात लाख रुपये सोडून बाकीचे परत वितळवले गेले, आणि १९१२ च्या रुपयावर सोंड नीट दिसेल असा हत्ती आला. एका कोरणाऱ्याच्या हातून सोंड आखूड झाली आणि सरकारला नव्वद लाखांच्या आसपास नाणी मोडावी लागली. नाण्यावरचे चित्र लोक पाहत नाहीत असे म्हणणाऱ्यांना मी हा रुपया दाखवतो.

स्वप्नातले नाणे १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया. तो का दुर्मीळ हे बहुतेकांना ठाऊक आहे: जुन्या कसाच्या चांदीचा, म्हणजे हजारात नऊशे सतरा भाग चांदी असलेला तो शेवटचा सन, १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९३९ चे रुपये फारच थोडे बाहेर पडले. म्हणूनच त्याची नक्कलही सर्वांत जास्त होते, आणि ती करण्याची सोपी रीत म्हणजे १९३८ च्या खऱ्या रुपयावरचा आठाचा आकडा खरवडून नऊ करणे. असा रुपया वजनात, कसात, आवाजात आणि कडेच्या चरांतही तंतोतंत उतरतो, कारण तो खराच रुपया असतो. खोटा असतो तो फक्त एक आकडा. दहापट भिंगाखाली त्या आकड्याभोवतीची पातळी पाहिल्याशिवाय कोणीही पैसे मोजू नयेत.

भिंगवाला :

खडकीवाले काका, आपल्या शेवटच्या परिच्छेदातला धागा पुढे नेतो, कारण स्वप्नातल्या नाण्यांची चर्चा सुरू झाली की त्यामागोमाग स्वप्ने विकणारेही येतात.

सर्वांत आधी ‘राम दरबार’ची नाणी. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, हाफ आना’ असा मजकूर असलेल्या तांब्या-पितळेच्या चकत्या बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात ढिगाने असतात. कंपनीने असे नाणे कधीही पाडलेले नाही. या देवळाबाहेर विकल्या जाणाऱ्या चकत्या आहेत. देवघरात ठेवायला हरकत नाही, संग्रहात ठेवायला आहे. तांदूळ ओढणारे नाणे, वीज ओढणारे नाणे वगैरे कथा ज्यांनी ऐकल्या असतील त्यांनी त्या कथाकाराशी पैशांचा व्यवहार करू नये, एवढेच सुचवतो. तसेच ट्रॅक्टरच्या चित्राची पाचाची नोट किंवा वैष्णोदेवीचे नाणे लाखो रुपयांना घेतो असे सांगून आधी ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्यांबाबत खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. बँक अशा व्यवहारात नाही आणि कोणतेही शुल्क घेत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की माझे स्वप्नातले नाणे रामाचेच आहे, आणि ते अगदी खरे आहे. अकबराच्या कारकिर्दीच्या अखेरीस, त्याने सुरू केलेल्या इलाही सनाच्या ५० व्या वर्षी, धनुष्यबाण घेतलेला राम आणि त्याच्यामागून चालणारी सीता अशी आकृती असलेली सोन्याची अर्धी मोहोर आणि चांदीचा अर्धा रुपया पाडला गेला. त्यांतल्या काहींवर नागरीत ‘राम सीय’ अशी अक्षरे आहेत. अशी नाणी जगात मोजकीच आहेत आणि ती संग्रहालयांत आहेत, तेव्हा ती विकत मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पुण्याच्या बाजाराशी या नाण्याचा संबंध नाही, हे मान्य. पर्वतीपायथा यांनी तेवढी सूट द्यावी.

माझ्या संग्रहातले आवडते नाणे मात्र साधे आहे. यादवांचा पद्मटंक, म्हणजे कमळाचे सोन्याचे नाणे, असावा अशी इच्छा असूनही जमले नाही, तेव्हा कलचुरी कृष्णराजाचे लहानसे चांदीचे नाणे घेतले. सहाव्या शतकातले, एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि भोवती ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्री कृष्णराज’. नाशिकपासून खाली कोकणापर्यंत ती सापडली आहेत. आई-वडिलांच्या चरणांचे ध्यान करणारा, हे राजाने करंगळीच्या नखाएवढ्या चकतीवर बसवले आहे, आणि अक्षर न अक्षर लागते. जुनी चांदी, वाचता येणारा मजकूर आणि परवडणारी किंमत या तिन्ही गोष्टी एकत्र देणारे दुसरे नाणे या भागात मला तरी माहीत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. तांब्याची शिवराई चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. दोनशे वर्षांत चढलेला तपकिरी थर हाच तांब्याचे संरक्षण करतो आणि त्यावरूनच जाणकाराला नाणे जुने आहे हे कळते. तो गेला की देवघरातल्या तांब्याच्या भांड्यासारखी चकाकणारी, पण निम्म्या मोलाची चकती हाती राहते. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त खिशांमध्येही नाणी ठेवू नका, त्यातून निघणारे द्रव्य तांब्यावर आणि चांदीवर हिरवट चिकट थर आणते. चांदी खरी की खोटी याची घरच्या घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. नाणे आधी कोरडे तोला, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोला. राणीछाप रुपया हवेत ११.६६ ग्रॅम भरत असेल तर पाण्यात त्याचे वजन सुमारे १.१३ ग्रॅमने कमी व्हायला हवे. घट बरीच जास्त आली तर धातू हलका आहे, म्हणजे चांदी नाही किंवा फार थोडी आहे.

नवा_पैसा :

सर्वांची नाणी पाहून संकोच वाटतो आहे, तरी लिहिते. पर्वतीपायथा यांनी ‘नव्या पैशांची असोत’ असे लिहिले आणि पुढे कोणी तिकडे फिरकलेच नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. पावली बरोबर पंचवीस नव्या पैशांची झाली आणि अधेली पन्नासाची, पण एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, मग सुटे द्यायचे कसे? जुनी आणि नवी नाणी काही वर्षे एकत्रच चालली आणि प्रत्येक दुकानात कोष्टक टांगलेले असे. म्हणून १९५७ चा एक नवा पैसा, जुन्या पिढीच्या हातातून गेलेला, थोडा काळवंडलेला, हे माझे आवडते नाणे आहे. जोगलथेंबीच्या नाण्यांवर राजाने राजाचा चेहरा पुसला. इथे त्याच रुपयाचे मोजमाप बदलले आणि ते सगळ्या देशाने मंडईत भाजी घेताना शिकून घेतले. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्द गेला आणि नुसता पैसा उरला.

या काळातल्या नाण्यांचे आकारही जमवण्यासारखे आहेत. षट्कोनी तीन पैसे, चौकोनी पाच पैसे, लाटांच्या काठाचे दहा पैसे, १९६८ पासूनचे कमळाचे पितळी वीस पैसे. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ नंतर व्यवहारातून अधिकृतपणे गेली, तेव्हा ती आता संग्रहातच राहणार आहेत. सनाखालचे चिन्हही पाहावे. चौकटीसारखा हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नॉयडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. १९९९ चा ज्ञानेश्वर महाराजांचा रुपया आणि त्याच सनाचे शिवाजी महाराजांचे दोन रुपये मी असेच चिन्हे पाहून ठेवले आहेत. आळंदीला जाणाऱ्या किती जणांच्या खिशात ज्ञानेश्वरांचा रुपया नकळत येऊन गेला असेल.

मला हवा आहे तो १९५० चा मुंबई टांकसाळीचा प्रूफ संच, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली नाणी. घोड्याच्या पैशापासून रुपयापर्यंतची सात नाणी, सर्वांवर राजाच्या डोक्याऐवजी प्रथमच अशोकस्तंभाचे सिंह. जुन्नरकर, नाण्याचा धनी बदलला म्हणालात ना, तो इथेही बदलला आहे, आणि या वेळी आधीच्या चेहऱ्यावर ठसा मारावा लागला नाही.

पर्वतीपायथा :

सर्वांचे मनापासून आभार. नवा_पैसा ताई, आपल्या नाण्यांना माझ्या संग्रहात जागा आहेच. किंबहुना ती सर्वांत सहज पुरी होईल अशी दिसते. खडकीवाले काकांचा १८६२ चा संच उद्यापासूनच सुरू करतो.

एक शंका उरली. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळात पुणे आदिलशाहीकडे होते. जुन्या कागदपत्रांत ‘लारी’ असा उल्लेख अधूनमधून दिसतो. ती इथे चालली असे धरून संग्रहात घेणे योग्य होईल का, आणि घेताना काय पाहावे?

शनिवारपेठी :

अवश्य घ्यावी, मात्र ‘पुण्याचे नाणे’ म्हणून नव्हे, तर कोकणातल्या बंदरांतून घाटावर येणारे नाणे म्हणून. लारी म्हणजे चांदीची तार दुमडून केसांच्या आकड्यासारखी केलेली आणि दोन्ही बाजूंनी ठसा मारलेली. मूळ इराणी आखाताकडची, पण बिजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने ती आपल्या नावाने पाडली आणि कोकणात तिचे साठे मिळाले आहेत. वजन पाच ग्रॅमच्या थोडे खाली असते.

पाहायच्या गोष्टी तीन. पहिली, दुमडलेल्या जागी तार चिरलेली नसावी. जुनी चांदी तिथे तडकते आणि मग ती डाग लावून सांधतात. दुसरी, ठसा. तार अरुंद आणि ठसा रुंद, त्यामुळे पूर्ण मजकूर कोणत्याही लारीवर येत नाही. ‘अली आदिलशाह’ यातले निदान एक नाव वाचता यावे. तिसरी, कोणी तरी सरळ केलेली लारी घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त असो. नुसता ठसा नसलेला आकडा म्हणून जी विकतात ती बहुधा नुकतीच ओढलेली तार असते. घेण्याआधी भिंगवाल्यांनी सांगितलेली पाण्यातली तपासणी करून घ्या, तारेच्या नाण्यालाही ती तशीच लागू पडते.